भूखंड विकास, झाडे आणि परवानगी : स्थानिक संस्था निर्णय कसा घेते

पाठाचा हेतू

स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात साइट प्लॅन काढायला आपण शिकतो. रस्ता, पार्किंग, गटार, संरक्षक भिंत, हिरवळ असे सगळे कागदावर नीट बसवतो. पण हा नकाशा महापालिकेत किंवा नगरपालिकेत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे सहसा शिकवले जात नाही. तेथे तो नकाशा म्हणजे एक अर्ज असतो आणि त्यावर कायद्याने निर्णय द्यावा लागतो. हा निर्णय कोण घेते, कशाच्या आधारे घेते आणि झाडांच्या बाबतीत त्याची पद्धत वेगळी का आहे, हे या पाठात पाहू. कायदे राज्यागणिक बदलतात, म्हणून मुख्य उदाहरण महाराष्ट्राचे घेतले आहे. इतर राज्यांतील विद्यार्थ्यांनी आपल्या राज्याचा कायदा शेजारी ठेवून तुलना करावी.

१. अधिकार कोठून येतो?

७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. ही दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. आपल्या विषयाशी त्यांतील चार थेट संबंधित आहेत : नगररचना, जमिनीच्या वापराचे व बांधकामाचे नियमन, नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण, आणि उद्याने व क्रीडांगणे. मात्र प्रत्यक्ष अधिकार किती द्यायचे हे राज्याचा कायदा ठरवतो.

महाराष्ट्रात यासाठी दोन कायदे एकत्र वाचावे लागतात. पहिला म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. जमिनीवर कोणताही 'विकास' करण्याआधी परवानगी घ्यावी लागते, ती या कायद्याखाली. दुसरा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. भूखंडावरचे झाड काढायचे असेल तर परवानगी या कायद्याखाली घ्यावी लागते. ते झाड आपल्याच मालकीच्या जागेत असले तरीही.

नवे विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. नकाशा मंजूर झाला म्हणजे झाड तोडायला परवानगी मिळाली, असे होत नाही. हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत.

२. विकास परवानगीची तीन उत्तरे

१९६६ च्या अधिनियमातील कलम ४४ प्रमाणे अर्ज करायचा असतो. कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिका किंवा नगरपालिका, तीनपैकी एक उत्तर देते :

(अ) विनाअट परवानगी,
(आ) अटींसह परवानगी,
(इ) नकार.

अटी घातल्या किंवा नकार दिला तर कारणे द्यावी लागतात. 'मंजूर करता येत नाही' एवढेच लिहून भागत नाही. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. प्राधिकरणाने मध्येच काही खुलासा मागितला असेल, तर हे दिवस अर्जदाराचे उत्तर पोहोचल्यापासून मोजतात. शिवाय अशा मानीव परवानगीसाठी प्रस्ताव विकास आराखड्याशी आणि नियमांशी पूर्ण सुसंगत असावा लागतो. नियमबाह्य नकाशा साठ दिवस पडून राहिला म्हणून तो नियमात बसत नाही.

निर्णय मान्य नसेल तर अर्जदाराला कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

प्रत्यक्षात बहुतेक अर्जांना (आ) हे उत्तर मिळते. म्हणून परवानगीचे पत्र हातात पडल्यावर पहिल्या ओळीतले 'मंजूर' वाचून ते फाइलला लावू नये. खरा निर्णय खालच्या अटींच्या यादीत असतो. पावसाचे पाणी कोठे मुरवायचे, खुली जागा कोठे सोडायची, उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला केव्हा आणायचा, हे तेथे लिहिलेले असते. अटी पाळल्या नाहीत तर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अडकू शकते.

३. झाडाचा निर्णय वेगळा का?

चुकीच्या जागी बांधलेली भिंत पाडता येते. अपिलात हरलेला अर्जदार नकाशा बदलतो. पण चाळीस वर्षांचे झाड सकाळी तोडले आणि दुपारी न्यायालयाने ते तोडणे बेकायदा ठरवले, तर त्या निकालाने झाड परत येत नाही. त्यामुळे झाडाच्या बाबतीत दाद मागण्याचा हक्क झाड उभे आहे तोवरच खऱ्या अर्थाने उपयोगाचा असतो.

१९७५ च्या अधिनियमाची रचना या दृष्टीने वाचली की नीट कळते. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची असते. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि ती झाडावरही लावायची असते. मंजुरी वृक्ष प्राधिकरणाची लागते. परवानगी दिल्यानंतरही १५ दिवस झाड तोडता येत नाही. या काळात हरकत आली तर प्राधिकरणाला त्या प्रकरणाचा पुन्हा विचार करावा लागतो. ठेकेदाराला हे १५ दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. कायद्याने मात्र ते हेतूने ठेवले आहेत.

आणखी एक बाब. या कायद्यात 'झाड तोडणे' याचा अर्थ फक्त कुऱ्हाड चालवणे असा नाही. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही त्यात येते. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना हे ध्यानात ठेवावे. दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला होता.

२०२१ मध्ये या अधिनियमात महत्त्वाची दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद आली. २०० किंवा अधिक झाडांचे प्रस्ताव राज्य पातळीवरील वृक्ष प्राधिकरणाकडे जाऊ लागले.

४. सोडवलेले उदाहरण

(उदाहरण काल्पनिक आहे.) एका शहरात ८,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. नियोजित नकाशाच्या आड तीन झाडे येतात : कडुनिंब (३५ वर्षे), गुलमोहर (२० वर्षे) आणि करंज (१२ वर्षे). एका नव्या झाडाला ५ मीटर × ५ मीटर जागा धरा.

*खुली जागा :* महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेसाठी १० टक्के मनोरंजनात्मक खुली जागा सोडावी लागते. ८,००० चौ.मी. म्हणजे ०.८ हेक्टर. म्हणून खुली जागा ८०० चौ.मी.

*तिन्ही झाडे तोडली तर :* ३५ + २० + १२ = ६७ झाडे लावावी लागतील. खुल्या जागेत बसणारी झाडे ८०० ÷ २५ = ३२. म्हणजे ३५ झाडांसाठी दुसरीकडे जागा शोधावी लागेल.

*रॅम्प सरकवून कडुनिंब वाचवला तर :* २० + १२ = ३२ झाडे. ती बसतात, पण खुली जागा पूर्ण भरते आणि मुलांना खेळायला काही उरत नाही.

*पार्किंगची एक रांग हलवून गुलमोहरही वाचवला तर :* १२ झाडे, म्हणजे ३०० चौ.मी. उरलेली ५०० चौ.मी. जागा मोकळी राहते.

प्राधिकरण ज्या गोष्टीवर निर्णय देते, ती बरीचशी ड्रॉइंग बोर्डवरच ठरलेली असते, हा या उदाहरणाचा धडा. म्हणून झाडांची पाहणी नकाशा काढण्याआधी करावी. प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय आणि नेमके ठिकाण लेव्हलच्या नोंदींबरोबरच टिपावे. नकाशा पूर्ण झाल्यावर झाडे मोजायला जाणारा अभियंता मग झाडांनाच अडथळा म्हणू लागतो.

५. प्रत्यक्ष प्रकरण : आरे, मुंबई

मुंबई मेट्रो ३ च्या कारशेडसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतील झाडे हटवण्याचा प्रस्ताव होता. मेट्रोमुळे रस्त्यावरची वाहने कमी होतील, हा प्रकल्पाच्या बाजूचा युक्तिवाद. येथे आपण कोणाची बाजू बरोबर, हे ठरवणार नाही. फक्त तारखांचा क्रम पाहू.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे हटवण्यास मंजुरी दिली. त्यांपैकी ४६१ झाडांचे पुनर्रोपण व्हायचे होते. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. १५ दिवसांची मुदत संपली होती की नाही, यावरही वाद झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे तोडून झाली होती.

पुढचा टप्पाही बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. प्राधिकरणाने पुढे १७७ झाडांना मंजुरी दिली. ८४ च्या पुढे अर्ज केल्याबद्दल न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले, पण काम अडून राहू नये म्हणून १७७ झाडे काढू दिली. महामंडळाने पैसे भरले, पण झाडांचा निर्णय बदलला नाही. तिसऱ्या भागात सांगितलेला फरक येथे आकड्यांत दिसतो.

६. इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी

निर्णय नेहमी महापालिकाच घेते असे नाही. दिल्लीत १९९४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि तेथील वृक्ष अधिकारी वन विभागाचे असतात. ५० किंवा अधिक झाडांच्या परवानगीला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची मान्यता लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले. कर्नाटकात १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्या राज्याचा कायदा वाचताना चार गोष्टी शोधा : निर्णय कोणाचा, जाहीर सूचना केव्हा, निर्णय आणि तोड यांत किती दिवस, आणि अपील कोठे.

स्वाध्याय

१. नकाशाची मंजुरी आणि झाड तोडण्याची परवानगी हे दोन वेगळे निर्णय का ठेवले असावेत?
२. वरील उदाहरणात कडुनिंबाचे वय ५५ वर्षे धरून आकडे पुन्हा मांडा. झाडाचा कायदेशीर दर्जा बदलेल का?
३. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील दहा झाडांची नोंद करा. आवारात १,००० चौ.मी.ची नवी इमारत कमीत कमी झाडे हटवून कोठे बसेल, ते दोन पर्यायांसह दाखवा.
४. आपल्या शहरात झाडावर लावलेली सूचना दिसल्यास ती वाचा. हरकत कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे त्यावर स्पष्ट लिहिले आहे का, ते तपासा.