गोंगाटाची मुळे

बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या सभागृहात मी एका रात्री डेथ मेटल ऐकायला गेलो. पहिला ठोका छातीवरच बसला. गायक घशाच्या तळातून गुरगुरत होता. शब्द एकही कळेना. 'हे कसले संगीत?' असे मनात आले आणि मी चपापलो. हाच प्रश्न आपल्या कवितेलाही विचारला गेला होता.

या आवाजाला इतिहास आहे. याच शहरात १९६५ साली, पत्र्याच्या कारखान्यात, १७ वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राने तोडली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली; पुढे गिटारच्या तारा सैल केल्या. 'ब्लॅक सॅबथ'चा सूर जड झाला. १९८०च्या दशकात फ्लोरिडासारख्या ठिकाणच्या तरुणांनी तो आणखी खाली नेला, वेग वाढवला, गळ्याचेही वाद्य केले. तेच डेथ मेटल.

रंगमंचापुढे पोरे एकमेकांवर आदळत होती. त्यात मी पडलो. घामाने निथळणाऱ्या चार हातांनी मला लगेच उचलले. पडलेल्याला उचलायचे, हा तिथला अलिखित नियम. कोण, कुठला, कुणीही विचारले नाही.

गोंगाट म्हणून हिणवण्याआधी तो कुठल्या जखमेतून येतो, हे निदान आपण तरी विचारले पाहिजे.