सहा सेंटिमीटरची बातमी

जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा दिल्लीत 5 ऑक्टोबर 2025 ला संपली. भारताला सहा सुवर्णांसह 22 पदकं मिळाली, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आठवड्यात मोबाइलवर फिरलेल्या पोस्ट आठवून पाहा. ‘नियतीवर मात’, ‘जिद्दीला सलाम’ आणि मागे हळवं संगीत. भाला किती मीटर गेला, दुसरा खेळाडू किती मागे राहिला, याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नव्हता.

पॅरा क्रीडा संघटनेचा सोशल मीडिया सांभाळणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचंच घ्या. 4 सप्टेंबर 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने गोळा 16.32 मीटर फेकला. आशियाई विक्रम झाला, रौप्य मिळालं. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा गोळा 16.38 वर पडला होता. सुवर्ण हुकलं ते अवघ्या सहा सेंटिमीटरने! ही आहे बातमी. गट ‘एफ 46’ लिहिलात, तर सोबत एका ओळीत सांगा : एफ म्हणजे फेकीचे प्रकार, 46 म्हणजे एका हाताला आलेलं अपंगत्व. म्हणजे कोण कोणाशी लढतंय ते कळतं, आणि मग चुरस आपोआप रंगते. हात कसा अधू झाला, ते चौथ्या वाक्यात आलं तरी चालेल.

हळव्या पोस्ट पाहिल्या की ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग आठवतात. त्या पत्रकार आणि विनोदी कलाकार. व्हीलचेअर वापरत. 2014 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेल्या. त्याच वर्षीच्या एका भाषणात त्यांनी सांगितलेला प्रसंग प्रत्येक क्रीडा संपादकाने ऐकावा. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातलं कोणीतरी घरी आलं, मुलीचं नाव पुरस्कारासाठी सुचवायचंय म्हणालं. आईवडिलांना प्रश्न पडला, हिने केलंय काय? शाळेत जाते, टीव्ही बघते, चारचौघींसारखीच राहते. धडधाकटांना बरं वाटावं म्हणून अपंगांना मखरात बसवण्यावर स्टेलांनी आयुष्यभर कोरडे ओढले. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. खेळाडूच्या बाबतीत तर हा दुहेरी अन्याय आहे, कारण त्याने खरोखर काहीतरी केलेलं असतं आणि आपण नेमकं तेच गाळतो.

आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने टिकटॉकवर उलटी वाट धरली. भारतात ते 2020 पासून बंद आहे, पण त्या क्लिप इथवर पोहोचतातच. अंध ट्रायथलॉनपटू ब्रॅड स्नायडर सायकल चाचपडतो आणि मागे पियानो वाजतो. टीका झाली. खातं एक पॅरालिम्पियनच चालवतो, असं समितीने सांगितलं. अश्रूंपेक्षा मला हा खट्याळपणा परवडतो. मात्र हसून झाल्यावर प्रेक्षकाला हेही कळायला हवं, की हा खेळाडू टँडेम सायकलवर मागे बसतो, पुढे मार्गदर्शक असतो आणि सायकल हाताशी येईपर्यंत घड्याळ थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. अंध वाचक फोनचा स्क्रीन रीडर लावून पोस्ट ऐकतो. फोटोखाली वर्णन भरलेलं नसेल, तर बऱ्याचदा त्याच्या कानावर नुसतं ‘फोटो’ एवढंच पडतं. उत्साहाने टाकलेले झेंड्यांचे आणि दंडांचे दहा-दहा इमोजी मात्र स्क्रीन रीडर अनेकदा एकेक करून वाचत बसतो. व्हिडिओला लिखित मजकूर नसेल, तर कर्णबधिर प्रेक्षक समालोचनाला मुकतो. पॅरा खेळाची पोस्ट अंध आणि कर्णबधिरांपर्यंतच पोहोचत नसेल, तर ते काम सपशेल फसलं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्णन लिहायला दोन मिनिटं पुरतात : ‘निळ्या जर्सीतला खेळाडू, उजव्या हातात गोळा, हनुवटीशी टेकवलेला.’

ऑक्टोबर 2026 मध्ये आइची-नागोयाला आशियाई पॅरा स्पर्धा आहे. जिल्हा संघटनांनी, क्रीडा खात्याने आणि आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनीही तोवर एवढं करावं : आधी गट, अंतर आणि क्रमांक लिहावा, फोटोचं वर्णन भरावं, आणि मगच सलाम ठोकावा.