संगणक बंद, धंदा चालू

संगणक यंत्रणा कोसळली की धंद्याचे दोन प्रकारे नुकसान होते: काम थांबते आणि नोंदी जातात. दोन्हींची तयारी वेगळी, पण ती बिघाडाच्या आधीच करावी लागते. या तयारीला ‘डिझास्टर रिकव्हरी’ म्हणतात.

सुरुवात दोन प्रश्नांपासून होते. एखादे काम जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिले तर परवडेल? आणि शेवटच्या किती तासांच्या नोंदी गेल्या तरी पुन्हा भरता येतील? उत्तरे कामागणिक बदलतात. किराणा दुकानाचे बिलिंग तासभर बंद पडले तर हातबिलावर भागते. औषधांच्या ठोक विक्रेत्याचे मात्र बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखांवाचून अडते. कर सल्लागाराला 25 तारखेला दोन दिवसांचा खोळंबा सोसेल. 20 तारखेला, मासिक जीएसटीआर-3बी भरण्याच्या शेवटच्या दिवशी, दोन तासही जड जातील. बॅकअप फक्त रात्री घेतला जात असेल, तर संध्याकाळी हार्ड डिस्क गेल्यावर दिवसभराची बिले गेली असे धरावे लागते. ती पुन्हा भरण्याइतकी कागदी बिले हाताशी नसतील, तर बॅकअप दिवसातून तीन-चारदा हवा.

प्रतींचा रूढ नियम असा: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक जागेबाहेर. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच संगणकाला कायम लावलेल्या पेन ड्राइव्हवर असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारे सॉफ्टवेअर, मूळ फाइलींबरोबर तोही कुलूपबंद करते. दुसरी प्रत त्याच इमारतीत असेल, तर आग आणि पूर दोन्ही प्रती एकदम नेतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईतल्या व्यावसायिकांना वेगळे सांगायला नको.

एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली का हवी, हे मर्स्क या जहाज कंपनीला 27 जून 2017 रोजी कळले. नॉटपेट्या या व्हायरसने तिच्या जगभरच्या यंत्रणा बंद पाडल्या. न्हावा शेवाच्या बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या नेटवर्कची किल्ली सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, पण सगळे जोडलेले असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो घानातला एक, तोही व्हायरस पसरला तेव्हा तिथली वीज गेलेली होती म्हणून. त्याच्या आधारे सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले गेले. तरीही नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेले.

प्रत असली तरी ती परत चालू होईलच असे नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत दुरुस्ती करताना मुख्य डेटाबेसच चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर तो तयारच होत नव्हता, कारण बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते. त्याच्या अपयशाचे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. एका अभियंत्याने चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. मधल्या वेळच्या नोंदी कायमच्या गेल्या. म्हणून दर तिमाहीला एकदा तरी बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करावा, कालची चार बिले उघडून आकडे जुळवावेत आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.

तंत्र तयार असूनही निर्णय अडतो. 24 फेब्रुवारी 2021 रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले, ते दुपारी 3.45 ला सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही काम तिकडे हलवले गेले नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि पुढच्या 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. 2 मार्च 2024 रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून पहिले सत्र मुख्य आणि दुसरे पर्यायी केंद्रावरून चालवले गेले.

छोट्या धंद्यालाही हाच धडा लागू आहे. ‘आता दुरुस्तीची वाट पाहायची नाही’ हे कोण आणि किती वेळाने ठरवणार, याचे उत्तर आधी हवे. मालक गावाला असेल तर कोण, याचेही. हे सगळे कागदावर असावे: सॉफ्टवेअरवाल्याचा आणि इंटरनेट कंपनीचा फोन, लायसन्सचे तपशील, बॅकअपची जागा, यंत्रणा चालू करण्याचा क्रम. बंद पडलेल्या संगणकातली योजना कुणालाच वाचता येत नाही. पासवर्ड वेगळे, पण किमान दोघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत.

कायद्याचाही संबंध आहे. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. सायबर हल्ल्याची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणेही बंधनकारक आहे.

या तयारीतला सर्वांत स्वस्त भाग सरावाचा आणि टाळला जातो तोही तोच. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नये.