कबड्डीचे मैदान ताटात

श्रोतेहो, सामना बघायला चार घरची माणसे एका घरी जमली की त्या घरची बाई कुठे असते, हे कधी पाहिले आहे काय? ती असते चुलीपाशी. बाहेर “धरली, धरली!” असा गलका उठतो, हातातला झारा तसाच घेऊन ती दारापर्यंत येते, तोवर चढाई संपलेली असते आणि कढईतली भजी करपलेली असतात. कबड्डीचा सामना तो केवढा? फार तर 20-20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 5 मिनिटांची विश्रांती. भज्यांचे दोन घाणे काढून ताटल्या भरीपर्यंत एक डाव सरतो. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चिनी तैपेईला 26-25 असे हरवले. एका गुणाचा तो सामना! अशा वेळी दोन मिनिटे आत गेलेले माणूस काय गमावते, ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा असा पदार्थ हवा, की जो दुपारीच करून ठेवावा, गारच खावा आणि सामन्याच्या वेळी चूल बंद असावी. म्हणून आज केकची गोष्ट काढली आहे. केक म्हटले की शहरातली बेकरी आठवते. पण भाजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. पळसाच्या पानांतले पानगे आणि गोवऱ्यांच्या आरातले रोडगे ज्या वऱ्हाडाला साधतात, त्याला केक साधणार नाही, हे पटत नाही. आणि कबड्डी तर आपल्या घरचीच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी ती जगाला करून दाखवली होती. मोझरीहून अमरावती ती किती दूर!

साहित्य सांगतो, लिहून घ्या. मैदा 200 ग्रॅम, पिठीसाखर 150 ग्रॅम, ताजे दही 200 ग्रॅम, वास नसलेले तेल अर्धी वाटी, संत्र्याचा रस पाव वाटी, बेकिंग पावडर एक लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ. अंडे नाही, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही चालेल. मोर्शी-वरुडकडची संत्री बाजारात असली तर एकाची साल किसून घाला. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, म्हणून सोलण्याआधी किसावी. आणि वरचा नारिंगी भागच घ्यावा, पांढरा भाग कडू असतो.

दही, साखर, तेल आणि रस एकजीव करा. मैदा, सोडा, पावडर आणि मीठ दोनदा चाळून त्यात हलक्या हाताने मिसळा. दह्यातले नि संत्र्यातले आंबट सोड्याला भेटले की वायूचे बुडबुडे सुटतात आणि तेच पीठ वर उचलतात. आच लागून मैदा घट्ट झाला की ते बुडबुडे जागच्या जागी अडकतात. केकची जाळी ती हीच. म्हणून पीठ कालवल्यावर लगेच भाजायला घ्यावे. ते ठेवून गप्पा मारत बसाल तर वायू उडून जाईल, मग “काहून बसला हा केक?” असे विचारू नका. फार फेटूही नये, मैदा चिवट होतो. सोडा जास्त पडला तर साबणाची चव येते.

भट्टी अशी करा. लोखंडी मोठ्या कढईत धुऊन वाळवलेली वाळू दोन बोटे पसरा, वर तिवई ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापू द्या. सुमारे 23 सेंटिमीटर रुंदीच्या गोल जर्मनच्या डब्याला तेल लावून, तळाला कागद घालून पीठ ओता आणि डबा तिवईवर ठेवा. डब्याच्या भोवती जागा मोकळी राहिली पाहिजे. मग आच मंद. पहिला अर्धा तास झाकण उघडायचे नाही, पोरांना तर जवळही येऊ देऊ नका. पाऊण तासाने काडी टोचून पाहा. कोरडी निघाली की झाले. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये.

आता मैदान. गुरुजी मंडळींनी इकडे लक्ष द्यावे, वर्गात उपयोगी पडेल. महिलांच्या कबड्डीचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. एका मीटरला दीड सेंटिमीटर धरले तर 18 बाय 12 सेंटिमीटरचा आयत होतो आणि तो आपल्या गोल केकमधून बरोबर निघतो. कापून उरलेल्या चार फाकी मैदानाभोवती ठेवा, त्या प्रेक्षकांच्या पायऱ्या! आयतावर साखरेचा पाक पुसटसा लावून भाजलेल्या खोबऱ्याचा बारीक चुरा दाबून बसवा, मातीचा रंग येतो. पिठीसाखरेत दुधाचे थेंब घालून दाट करा, कागदाच्या पुडीत भरा आणि रेषा ओढा. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून दोन्हीकडे साडेचार सेंटिमीटरवर निदान रेषा, सहावर बोनस रेषा, आणि लांब कडांना दीड-दीड सेंटिमीटरची राखीव पट्टी.

खेळाडू म्हणून एकीकडे सात मनुका, दुसरीकडे सात सोललेले शेंगदाणे. सामना चालू झाला की खरा गडी बाद होताच इकडचा उचलून पायरीवर बसवायचा, जिवंत झाला की परत आणायचा. सगळे सात गेले की लोण. ज्या आजीबाईंना गडी बाद का होतो नि परत कसा येतो हे कधी कळले नव्हते, त्यांनाही दहा मिनिटांत कळते, आणि मग त्याच पंचाशी भांडायला लागतात!

कापायचे विश्रांतीत नको, शेवटी. तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन केले तर बरोबर 24 होतात. पायऱ्या लहान मुलांना. आणि पहिला तुकडा जिने केक केला तिच्या हातावर, तीही तेव्हा सगळ्यांबरोबर बाजेवरच बसलेली असेल. उरलेला केक बंद डब्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी संत्र्याचा वास जास्त मुरलेला असतो.