महामार्गात दडलेला माग

प्रवरेच्या दोन्ही काठांवर कोल्हार आहे. एका तीरावर राहाता तालुक्यातलं कोल्हार बुद्रुक, समोर राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द. अंगावरून नगर-मनमाड रस्ता जातो आणि शिवारात ऊस आहे. दाट उसात बिबट्याला आडोसा मिळतो, पिल्लं वाढवायला जागाही मिळते. त्यामुळे पहाटे दारं धरायला गेलेल्या माणसाला ओल्या सरीत एखादा ठसा दिसला की फोटो काढला जातो, तो मोबाइलवर फिरतो आणि चर्चा सुरू होते. ‘ठसे’, ‘पगमार्क’, ‘फुटप्रिंट’, ‘फुटस्टेप’ असे शब्द त्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ठसा वाचताना माणूस फसतो, तसा शब्द वाचतानाही फसतो. अशा काही फसगती इथे तपासून पाहू.

गैरसमज: ठशात नखं स्पष्ट दिसली म्हणजे तो बिबट्याच.

वस्तुस्थिती: बरोबर उलटं आहे. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून बिबट्याच्या ठशात सहसा चार बोटं आणि मागची गादी एवढंच उमटतं. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांची नखं आत जात नाहीत, ती बोटांच्या पुढे टोचलेली दिसतात. निसरड्या चिखलात तोल सावरताना बिबट्याचीही नखं उमटू शकतात. म्हणून एका ठशावर निकाल देऊ नये, पुढची-मागची चार पावलं पाहावीत.

गैरसमज: ‘पगमार्क’ हा अस्सल इंग्रजी शब्द आहे.

वस्तुस्थिती: त्यातला ‘मार्क’ तेवढा इंग्रजी. ‘पग’ म्हणजे पाऊल, आणि तो हिंदीतून तिकडे गेला. साहेबाच्या हातात बंदूक असली तरी जनावराचा माग काढून देणारे इथलेच लोक होते, शब्दही त्यांचाच उचलला गेला. हॉब्सन-जॉबसन या जुन्या अँग्लो-इंडियन कोशात ‘पगी’ हा शब्दही सापडतो. पावलांच्या खुणांवरून चोराचा माग काढणं हा ज्याचा धंदा, तो पगी. बातमीत ‘पगमार्क’ लिहिल्याने ती जास्त शास्त्रीय होत नाही. ‘ठसा’ तितकाच नेमका आहे.

गैरसमज: ‘फुटप्रिंट’ आणि ‘फुटस्टेप’ एकच.

वस्तुस्थिती: जमिनीवर उरतो तो फुटप्रिंट. फुटस्टेप म्हणजे टाकलेलं पाऊल किंवा त्याचा आवाज. रात्री गोठ्यामागे ऐकू येतात त्या फुटस्टेप्स, सकाळी दिसतात ते फुटप्रिंट्स. गोंधळ होतो याचं कारण आपलं ‘पाऊल’ तीन कामं करतं. पायाचा भाग म्हणजे पाऊल, एक ढांग टाकली तरी पाऊल, आणि महालक्ष्म्या घरात येताना उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळीने काढतो तीही पावलंच. आवाजासाठी मात्र मराठीत वेगळा शब्द आहे: चाहूल. कुणी दिसण्याआधी कळतं की कुणीतरी आहे, ती चाहूल. इंग्रजीत हे एका शब्दात सांगणं अवघड जातं.

गैरसमज: इंग्रजीत चालण्याला ढीगभर शब्द आहेत, मराठीत एकच.

वस्तुस्थिती: इंग्रजी चालण्याची तऱ्हा क्रियापदाच्याच पोटात घालते. रमतगमत चालणं म्हणजे स्ट्रोल, लांब ढांगा टाकणं म्हणजे स्ट्राइड, थकून पाय ओढत जाणं म्हणजे ट्रज, बदकासारखं डुलत जाणं म्हणजे वॉडल. मराठी तीच तऱ्हा क्रियापदाच्या शेजारी बसवते: तरातरा, झपाझप, लगबगीने, फेंगडत, चवड्यांवर, दुडुदुडु. शब्दांची रास दोन्हीकडे आहे, ती ठेवण्याची जागा वेगळी आहे. म्हणूनच ‘ही स्ट्रोल्ड’चं भाषांतर ‘तो चालला’ असं केलं, की माणूस चालतो पण त्याची चाल हरवते.

गैरसमज: ‘वॉकर’ हे आडनाव भटक्या माणसाचं.

वस्तुस्थिती: ते धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे. विणलेलं लोकरी कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचं, म्हणजे ते घट्ट होतं. हे काम करणारा तो वॉकर. तो दिवसभर चालायचा खरा, पण एकाच जागी.

गैरसमज: हजार पावलं चाललं की एक मैल.

वस्तुस्थिती: ‘माइल’ आला लॅटिनमधल्या ‘हजार पावलं’ या अर्थाच्या शब्दांवरून. पण रोमन हिशोबात एक पाऊल म्हणजे डावं आणि उजवं मिळून एक. म्हणजे आपल्या मोजणीने दोन हजार. तो रोमन मैल सुमारे 1,480 मीटरचा होता. आजचा मैल 1,609 मीटरचा, म्हणजे आणखी लांब. आपल्या रस्त्यांवर किलोमीटर येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बोलण्यातला ‘मैलाचा दगड’ काही हललेला नाही.

गैरसमज: पाऊलखुणांचे शब्द फक्त जंगलात आणि चिखलात लागतात.

वस्तुस्थिती: ते कचेरीत आणि शाळेतही आहेत. ‘इन्व्हेस्टिगेशन’मध्ये लॅटिनचा ‘वेस्टिजियम’ आहे, म्हणजे पायाचा ठसा. ‘पेडिग्री’ म्हणजे वंशावळ, पण मूळ फ्रेंच अर्थ ‘क्रौंच पक्ष्याचा पाय’. वंशावळीतल्या फाटे फुटणाऱ्या रेघा तशाच दिसत. ‘लर्न’, म्हणजे शिकणं, ज्या प्राचीन धातूवरून आला त्याचा अर्थ माग किंवा चाकोरी असा लावतात. चपला शिवणाऱ्याच्या फर्म्याला इंग्रजीत ‘लास्ट’ म्हणतात, तोही त्याच घराण्यातला.

हे वाचून इंग्रजीचं कौतुक वाटेल, पण आपल्या दाराशीच पाहा. ‘माग’ हा ‘मार्ग’चा मुलगा. आणि संस्कृत ‘मार्ग’ कुठून आला? मोनिअर विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत कोशात त्याचा संबंध ‘मृग’ शब्दाशी जोडला आहे. मार्ग म्हणजे आधी रानातल्या जनावराची पायवाट, मग कुणाचीही वाट, मग रस्ता. आपण उलटं धरून चालतो: रस्ता माणसाचा, आणि बिबट्या त्यात आगंतुक.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी प्रवरेच्याच वरच्या अंगाला, अकोले परिसरात, कॅमेरे लावून बिबटे मोजले. वस्ती आणि शेतीच्या त्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज 2013 साली प्रसिद्ध झाला. ते वाट चुकून आलेले नव्हते, तिथेच राहत होते. कोल्हारवरून जाणाऱ्या रस्त्याला आपण महामार्ग म्हणतो. त्याच्या नावातलं जनावर मात्र डांबराच्या आधीचं आहे.