चौकट : पेडल खाली बसतंय? आधी मास्टर सिलिंडर बघा

धानाची पोती लादून तुमसर बाजार समितीकडे किंवा साकोलीहून महामार्गाने नागपूरकडे निघालेल्या जुन्या पिकअपचं ब्रेक ऑइल वरचेवर कमी होत असेल, तर नुसतं भरत राहू नका. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बोल्टने जोडलेला असतो, त्या सांध्याखाली बोट फिरवा. ओल लागली, रंगाचे पोपडे सुटलेले दिसले, की आतलं रबर गेलं समजा. बाहेर थेंबही नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं? बहुतेक वेळा तेही आतल्या रबराचंच दुखणं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि खरबरीत भिंतीवर रबर घासून कापलं जातं. म्हणून भिंतीवर खड्डे किंवा ओरखडे असतील, तर शंभरदा किट बदलूनही उपयोग नाही. पूर्ण सिलिंडरच नवा घ्या. बसवण्यापूर्वी बाकावर धरून त्यातली हवा काढा, मग चारही चाकांची. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच, सीलबंद डब्यातलं ऑइल वापरा. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबर फुगतं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी रिकामीसुद्धा रस्त्यावर काढू नका.