गरम झालेली गाडी सुरू का होत नाही? : कारण शोधण्याची शास्त्रीय पद्धत



आपल्या कसबा बावड्यात आणि एकूणच कोल्हापूर परिसरात १५-२० वर्षं जुन्या पेट्रोल गाड्या अजून बऱ्याच घरांत आहेत. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होतात, दिवसभर छान पळतात. पण जोतिबाचा डोंगर चढून किंवा करूळ घाटातून गगनबावड्याला येऊन गाडी बंद केली, चहा घेतला आणि पुन्हा चावी फिरवली की सुरूच होत नाही. पाऊण तास थांबलं की आपोआप सुरू! गॅरेजला नेईपर्यंत गाडी थंड, त्यामुळे दोष दिसत नाही. मग अंदाजाने आधी प्लग, मग बॅटरी, मग पेट्रोल पंप बदलला जातो. पैसे जातात, दोष तिथंच राहतो. म्हणून आज आपण हा दोष पायरी-पायरीने कसा शोधायचा ते पाहू.

आधी थोडी ओळख

जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असायचा. धुराचे नियम कडक झाल्यावर (भारत स्टेज-२ हा नियम दिल्ली परिसरात २००० साली, तर देशभर २००५ साली लागू झाला) पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन पद्धत आली. गाडीच्या मागे 'एमपीएफआय' ही अक्षरं दिसतात ती हीच. यात टाकीतला विजेवरचा पंप दाबाने पेट्रोल पाठवतो, इंजेक्टर ते फवारतात आणि किती फवारायचं हे ईसीएम नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती देतात सेन्सर.

बंद केल्यावर इंजिन आणखी का तापतं?

गाडी चालू असताना पाणी (कूलंट) फिरत असतं, समोरून वारा लागतो. गाडी बंद केली की दोन्ही थांबतं. इंजिनच्या लोखंडातली उष्णता बॉनेटखाली कोंडते. म्हणून बंद केल्यानंतरची १० ते ३० मिनिटं पेट्रोलची नळी, सेन्सर आणि वायरिंगला सगळ्यात जड जातात. आपला दोष नेमका याच वेळेत दिसतो.

पायरी १ : सेल्फ कसा फिरतो ते ऐका

सेल्फ रडत-रडत फिरतो किंवा नुसतं 'टक' वाजतं? मग पेट्रोलच्या मागे लागू नका. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे तापमान ५० अंशांनी वाढलं की विरोध सुमारे २० टक्के वाढला. त्यात बॅटरीचे टोक गंजलेले किंवा अर्थिंगची वायर सैल असेल, तर गरम सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही. सेल्फ मारताना मल्टीमीटरवर बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि जोडण्या तपासा. सेल्फ जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? मग पुढच्या पायरीवर चला.

पायरी २ : पेट्रोलचा दाब टिकतो का?

प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांनाही उकळत नाही, हे आपण शाळेत शिकतो. इथं तेच तत्त्व आहे. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पण नळीत साधारण ३ बार दाब असेल तर ते द्रवच राहतात. गाडी बंद केल्यावर हा दाब पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह धरून ठेवतो. तो गळका झाला की दाब उतरतो, नळीत वाफ होते आणि इंजेक्टर पेट्रोलऐवजी वाफ फवारतात.

ओळखायची सोपी खूण : चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. चावी बंद करा. असं तीन-चार वेळा करून मग सेल्फ मारा. गाडी लगेच सुरू झाली, तर दाब उतरत असल्याचा संशय पक्का धरा. मेकॅनिककडून प्रेशर गेज लावून खात्री करून घ्या. आणि पंपाचा आवाजच आला नाही, तर फ्यूज, रिले आणि पंप बघायला सांगा. रिलेमधला तडकलेला डाग गरम झाल्यावर सुटतो, थंड झाल्यावर परत जुळतो.

पायरी ३ : पेट्रोल जास्त तर होत नाही ना?

पेट्रोलचा वास, सुरू झाल्यावर काळा धूर, सुरुवातीला अडखळणं, या खुणा उलट्या दोषाच्या. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत असं केल्यावर ईसीएम पेट्रोल तोडतो आणि साचलेलं पेट्रोल बाहेर जातं. यामुळे गाडी सुरू झाली, तर तीन संशयित उरतात :

- गळका इंजेक्टर.
- प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला पडदा. त्याची व्हॅक्यूमची नळी काढल्यावर आत पेट्रोल ओलं दिसतं.
- कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. हा तापला की त्याचा विरोध कमी होतो. २० अंशांना साधारण २ ते ३ हजार ओहम, तर ८० अंशांना साधारण २०० ते ३५० ओहम. तो बिघडून गरम इंजिनालाही 'थंड आहे' असं सांगू लागला, तर ईसीएम भरमसाट पेट्रोल सोडतो.

पायरी ४ : ठिणगी येते का?

वास नाही, धूर नाही, पंप वाजतोय, तरी इंजिन एकदाही 'फुर्र' करत नाही? मग क्रँक किंवा कॅम सेन्सर बघा. इंजिन फिरतंय ही बातमी तोच ईसीएमला देतो. बातमी नाही, तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. या सेन्सरची आतली बारीक तार तापल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना त्याच्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो किंचित हलतो. अजिबात हलला नाही, तर या सेन्सरवर संशय घ्या. ठिणगीची तपासणी मात्र मेकॅनिकलाच करू द्या.

काळजी घ्या

पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारत बसू नका, बॉनेट उघडा, आगपेटी-विडी लांब ठेवा. पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती स्वतः सोडू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. घाटात गाडी अडली तर आधी मुलांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं करा.

करून पहा (मोठ्यांच्या मदतीने)

सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या (साधारण ६० ते ७० अंश). हवा काढून टोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे येऊन ते उकळल्यासारखं दिसेल. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. गाडीच्या नळीत नेमकं हेच घडतं.

लक्षात ठेवा

दोष आहे त्याच अवस्थेत तपासायचा, म्हणजे गाडी गरम असतानाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं : किती वेळ थांबलो, सेल्फ कसा फिरला, वास आला का, चावी तीनदा ऑन-बंद केल्यावर काय झालं. एवढी चार वाक्यं घेऊन तुम्ही उद्यमनगरातल्या कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे गेलात, तर त्याचं अर्धं काम झालेलं असेल आणि विनाकारण भाग बदलण्याचा तुमचा खर्चही वाचेल.

स्वाध्याय

१. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान का वाढतं?
२. प्रेशर कुकर आणि पेट्रोलची नळी यांत साम्य कोणतं?
३. तापमान वाढल्यावर तांब्याच्या तारेचा विरोध वाढतो, पण कूलंट सेन्सरचा कमी होतो. या दोन्हींचा गाडीवर काय परिणाम होतो ते तुमच्या शब्दांत लिहा.